शब्द वहीत आहेत, चाल कोठे आहे?

जुन्या पदसंग्रहांची पाने चाळताना एका बारीकशा गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पदाच्या माथ्यावर, शीर्षकाच्या खाली, लहान टाइपात 'चाल' असा शब्द छापलेला असतो आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द असतात. ते दुसरे गाणे वाचणाऱ्यास ठाऊक आहेच, त्या चालीवर हे पद म्हणावे, एवढी सूचना पुरेशी आहे, असे संग्राहकाने गृहीत धरलेले असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ती पुरेशी होतीही. आज आमच्या देवघरातील कपाटात अशा तीन पुस्तिका आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक पदांच्या माथ्यावरची गाणी आमच्या घरात कोणालाही येत नाहीत. पत्ता नीट लिहिलेला आहे, परंतु त्या पत्त्यावरचे घर उरलेले नाही, अशी ही अवस्था आहे.

एका गाण्याची चाल दुसऱ्यासाठी घेण्याची ही रीत फार जुनी आहे. गुजराती आणि राजस्थानी जैन कवींनी रास, स्तवने आणि सज्झाय रचताना प्रत्येक ढाळीच्या आरंभी 'देशी' लिहून एखाद्या लोकप्रिय गीताची पहिली ओळ नोंदवून ठेवली. मुंबईत वकिली करणारे मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गूर्जर कविओ' या आपल्या प्रचंड ग्रंथात अशा देशींची मोठी सूची दिली आहे. नांदेडकरांना तर याचे आणखी एक उदाहरण घराजवळ आहे. सचखंड श्री हजूर साहिब येथे ज्या गुरू ग्रंथ साहिबाचे अखंड पठण आणि कीर्तन चालते, त्यातील बावीस वारांपैकी नऊ वारांच्या माथ्यावर, त्या कोणत्या वीरगाथेच्या धुनेवर गाव्यात, याची सूचना आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'सौभद्रा'तील पदेही कीर्तन, लावणी आणि कानडी पदे यांच्या चालींवर बांधलेली होती. तेव्हा चाल उसनी घेण्यात कमीपणा नाही. भक्तीने ती नेहमीच घेतली आहे. प्रश्न आहे तो घेतलेली चाल जपण्याचा.

माझे माहेर नांदेडचे आणि सासर लातूरचे. दोन्ही घरे सैतवाळ आणि दोन्ही व्यापारी. माहेरी कापसाचा व्यवहार, सासरी तूर, हरभरा आणि गुळाची आडत. महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी भगवंतांचा पाळणा दोन्हीकडे म्हटला जातो आणि त्याचे शब्दही तेच आहेत. तरीही लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात लातूरच्या मंदिरात बायकांनी तो पाळणा सुरू केला, तेव्हा दोन कडवी होईपर्यंत मला तो ओळखू आला नाही. नांदेडची चाल संथ, खालच्या सुरांत झुलणारी. लातूरची चढी आणि टाळीवर चालणारी. माझा चेहरा पाहून शेजारी बसलेल्या आत्याबाई कानाशी लागून म्हणाल्या, "तुमच्याकडं झोका सावकाश देतात वाटतं, बाई!" त्यांच्या विनोदाने मी हसले, परंतु चाल ही शब्दांहून वेगळी, स्वतंत्र वस्तू आहे, हे मला त्या दिवशी उमगले. शब्द पुस्तकातून नांदेडहून लातूरला पोहोचले होते. चाल मात्र ज्या त्या गावच्या बायकांच्या गळ्यातच राहिली होती.

दोन्ही चाली एका जागी ठेवण्याचे साधन माझ्याजवळ होते, ते माझ्या आजोबांच्या बुलबुलतरंगामुळे. आपल्याकडे लोक त्याला बेंजो म्हणतात. लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीवाले गळ्यात अडकवून, कर्ण्याला जोडून जे वाजवतात, ते याच वाद्याचे विजेवर चढवलेले रूप. आजोबांचा बुलबुलतरंग साधा होता. कापसाच्या व्यवहारानिमित्त त्यांची हैदराबादला नेहमी ये-जा असे. १९४८ पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यातच असल्याने मोठी खरेदी तिकडूनच होई आणि ती सवय पुढेही अनेक वर्षे टिकली. घरात भजनासाठी एखादे वाद्य असावे असे त्यांच्या मनात होते, परंतु आजीची एक अट होती: देवघराच्या खोलीत कातडे येता कामा नये.

ही अट ऐकायला सोपी वाटते, पण वाद्यांच्या दुकानात ती घेऊन गेल्यावर हाती फार थोडे उरते. तबला, ढोलकी, मृदंग यांची पुडी कातड्याची. सारंगीचे पोट बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले आणि तिच्या मुख्य तारा म्हणजे आतड्याची तात. दिलरुब्यालाही कातडे. पेटी निर्दोष वाटते, परंतु तिच्या भात्याच्या घड्यांना पूर्वी सर्रास चामड्याच्या पट्ट्या लावीत. बुलबुलतरंगात मात्र लाकडाची पेटी, पोलादी तारा आणि धातूच्या कळा, एवढेच असते. आजोबांनी तो आणला आणि आजीने स्वतः उलटसुलट करून, तळाची फळीसुद्धा पाहून, मग त्याला कोनाड्यात जागा दिली.

हे वाद्य भारतीय आहे अशी आमच्या घरात सर्वांची समजूत होती. वास्तविक त्याचा जन्म जपानमधला. १९१२ साली नागोया येथील गोरो मोरिता यांनी, टाइपरायटरच्या कळा डोळ्यांपुढे ठेवून, त्यांच्या देशातील तंतुवाद्याला कळा बसवल्या. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून त्याला ताइशोगोतो असे नाव पडले. पुढे व्यापारी जहाजांच्या वाटांवर ते दक्षिण आशियात उतरले. बलुचिस्तानात त्याचा बेंजू झाला, मालदीवच्या बेटांवर ते लोकगीतांच्या साथीला बसले, कव्वालांच्या मेळ्यात शिरले आणि आपल्याकडे बुलबुलतरंग हे गोड नाव घेऊन घरोघरी पोहोचले. जेथे जाईल तेथल्या लोकांचे गाणे ते निमूटपणे वाजवू लागले.

त्याची रचना थोडक्यात सांगते. एका बाजूच्या तारा चालीच्या. त्या सर्व एकाच सुरात, षड्जात जुळवायच्या. डाव्या हाताने कळ दाबली की तिच्याखालची पट्टी त्या तारांवर टेकते आणि उजव्या हातातील नखीने छेडले की तो सूर निघतो. शेजारच्या तारांना कळा पोहोचतच नाहीत. त्या षड्ज आणि पंचमात जुळवलेल्या असतात आणि नखी फिरली की त्याही वाजतात. चाल वर जावो, खाली येवो, त्या आपला सा-प धरून असतात. तंबोरा निराळा लागत नाही.

गळ्यावरचे पद या कळांवर आणू लागले, तेव्हा पहिली अडचण सुरांच्या मधल्या जागेची आली. गळा गंधारावरून मध्यमावर जाताना मधली सगळी वाट चालून जातो. कळ मात्र पायरी आहे. एका पायरीवरून दुसरीवर पाऊल टाकावे लागते, मध्ये उभे राहायला जागा नाही. दुसरी अडचण लांब सुरांची. गळा श्वास असेपर्यंत सूर धरतो. तारेचा सूर मात्र छेडल्याक्षणापासून विरू लागतो. नांदेडच्या पाळण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब हेलकावा आहे. तो वाजवायचा कसा? मी तो पाळणा पहिल्यांदा पूर्ण वाजवला तेव्हा आजी डोळे मिटून ऐकत होती. वाजवून झाल्यावर म्हणाली, "माय, सारं आलं. पण तो वळसा कुठं गेला?"

त्या वळशाच्या मागे मी बरेच दिवस होते. हळूहळू काही युक्त्या सापडल्या. एकदा छेडून तार वाजती असतानाच बोट शेजारच्या कळेवर सरकवले, दुसऱ्यांदा छेडले नाही, तर दोन सूर एकमेकांना चिकटून येतात. ती मींड नव्हे, पण मींडेची सावली आहे. लांब सुराच्या जागी नखी भरभर फिरवून तो ताणता येतो. परंतु पाळण्यासारख्या पदात त्याहून बरे म्हणजे सूर एकदा छेडून स्वस्थ राहावे आणि विरणाऱ्या सुराखाली सा-प ऐकू येऊ द्यावा. त्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्याच्या मनातील गळा आपोआप गाऊ लागतो. आजीही तेथे गुणगुणू लागे आणि तो वळसा तिचा ती घेई.

या वाद्याने जे दिले ते मात्र मला अनपेक्षित होते. गळ्यावरचे सारे नक्षीकाम उतरल्यावर चालीचा सांगाडा स्वच्छ दिसू लागला. नांदेडची आणि लातूरची चाल एकामागोमाग वाजवली, तेव्हा लक्षात आले की पहिल्या ओळीचे मुख्य सूर दोहोंत जवळजवळ सारखेच आहेत. फरक आहे तो लयीचा आणि कोणत्या सुरावर थांबायचे याचा. गाताना ज्या दोन चाली परक्या वाटत होत्या, त्या कळांवर बहिणी निघाल्या. दुसरा लाभ असा की सांगाडा शिकवता येतो. आजीसारखा गळा नातीला देता येत नाही. परंतु कोणत्या कळेनंतर कोणती कळ, हे माझी दहा वर्षांची नात दोन दुपारींत शिकली.

हे सारे माझ्यापुरते चालले होते. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यात नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने मला फोनवर एक चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले, "मावशी, इकडे तुझा बेंजो सापडला." चित्रफितीत डोंगराळ भागातील एका गावी आठ-दहा वयस्क माणसे गोल करून बसली होती. त्यांच्या मांडीवर आडवी ठेवलेली लांबट, निमुळती वाद्ये होती. कळा नव्हत्या, पडदे होते; पण कान लावताच मला ओळख पटली. एका तारेवर चाल चालली होती आणि उरलेल्या तारा खाली अखंड एकच सूर धरून होत्या.

त्या वाद्याचे नाव डल्सिमर. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची लांब पर्वतरांग आहे. अठराव्या शतकापासून स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड आणि जर्मनीतून आलेली कुटुंबे तिच्या खोऱ्यांत वसली. स्कॉटिश आणि आयरिश लोकांनी आपली फिडल, म्हणजे आपल्या व्हायोलिनचेच लोकवादनातील रूप, बरोबर आणली आणि तिच्यावरच्या नाचाच्या धुना आणल्या. जर्मन लोकांजवळ मांडीवर वा मेजावर ठेवून वाजवायचे शाइटहोल्ट नावाचे तंतुवाद्य होते. त्याच्यापासून डोंगरातल्या सुतारांनी डल्सिमर घडवले, असे अभ्यासक मानतात. मग एका समाजाच्या धुना दुसऱ्या समाजाकडून आलेल्या वाद्यावर उतरल्या. 'सोल्जर्स जॉय' नावाची धून अठराव्या शतकापासून स्कॉटलंडमध्ये फिडलवर वाजत आली आहे. ती आज त्या डोंगरांत डल्सिमरवर वाजते.

भाच्याला मी खोदून खोदून विचारले आणि त्यानेही तेथील वाजवणाऱ्यांना विचारून कळवले. त्यांची अडचण ऐकून मला आजीच्या वळशाची आठवण झाली. फिडलला पडदे नसतात. बोट कोठेही टेकवता येते, कसेही घसरवता येते, आणि एका गजात चार-चार सूर ओढता येतात. डल्सिमरचे पडदे बारा सुरांचे नसून सात सुरांचे असतात आणि प्रत्येक सूर वेगळा छेडावा लागतो. म्हणून वाजवणारा फिडलच्या धुनेतील मुख्य सूर तेवढे उचलतो, भरीचे सोडून देतो, आणि त्यांची जागा खालच्या अखंड सुराला भरू देतो. जुने लोक चालीच्या तारेवर बोटाऐवजी लाकडाची छोटी काडी सरकवीत आणि पक्ष्याच्या पिसाच्या देठाने छेडीत. सरकत्या काडीमुळे सुरांच्या मधली वाट थोडी ऐकू येई. त्यांच्या एका प्रचलित जुळणीत खालच्या तारेवर सा, मधल्या तारेवर प आणि चालीच्या तारेवर वरचा सा असतो. सातासमुद्रापलीकडच्या डोंगरांत आपला तंबोराच जणू मांडीवर आडवा पडला आहे! 'ओल्ड जो क्लार्क' नावाची त्यांची एक प्रसिद्ध धून मी बुलबुलतरंगावर शोधून पाहिली. सारे सूर शुद्ध आणि निषाद कोमल. आपल्या भाषेत सांगायचे तर खमाज थाट. धुनेचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. 

त्या डोंगरांतील दोन माणसांची हकिकत मला विशेष वाटते. पहिले सेसिल शार्प हे इंग्रज संगीतज्ञ. १९१६ ते १९१८ या महायुद्धाच्या काळात ते मॉड कार्पेलीस या सहकारी बाईंसह ॲपलेशियन खोऱ्यांत पायी हिंडले. घरोघरी गाणाऱ्यांसमोर बसत तेव्हा कार्पेलीस शब्द उतरवून घेत आणि शार्प स्वरलिपीत चाल लिहून घेत. सोळाशेहून अधिक चाली त्यांनी अशा जमवल्या. शब्दांसाठी एक माणूस आणि चालीसाठी दुसरा, ही त्यांची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या जीन रिची. केंटकी राज्यातील व्हायपर या लहानशा गावी १९२२ साली चौदा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या जन्मल्या. वडिलांच्या डल्सिमरला हात लावण्यास मुलांना मनाई होती. धाकटीने चोरून हात लावला आणि ती शिकली. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी हे वाद्य आणि घरातील गाणी साऱ्या देशाला ऐकवली. १९५२ साली शिष्यवृत्ती घेऊन त्या ब्रिटन आणि आयर्लंडला गेल्या, त्या आपल्या घरच्या गाण्यांची मुळे शोधण्यासाठी. २०१५ साली त्या वारल्या तेव्हा त्यांच्या घरातील गाणी आणि त्यांच्या चाली पुस्तकांत आणि ध्वनिमुद्रणांत सुरक्षित होत्या.

फिडलवरची धून डल्सिमरवर आली तेव्हा ती तीच राहिली की वेगळी झाली, असे कोणी विचारले, तर आपणा जैनांना उत्तर देणे अवघड जाऊ नये. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात सताचे लक्षण सांगताना उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तीन शब्द एकत्र ठेवले आहेत. स्वाध्यायात हे अनेकदा ऐकले होते; सोन्याचे कंकण मोडून कुंडल केले तरी सोने राहते, हा दृष्टांतही पाठ होता. बुलबुलतरंग वाजवताना तो कानांनी कळला. कळ दाबली, सूर उपजला. कळ सुटली, सूर गेला. आणि सा-प तेथेच. वाद्य बदलले, नक्षी बदलली, लय बदलली, हे सारे पर्याय. त्या पर्यायांतून जे ओळखू येत राहते, ते चालीचे द्रव्य. परंतु येथे एक सावधगिरी हवी. द्रव्य नाश पावत नाही, असे शास्त्र सांगते. चालीचे तसे नाही. तिला पर्यायच मिळाला नाही, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात वा तारेवर वा कागदावर ती गेलीच नाही, तर ती नष्ट होते. हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

माझ्या आजेसासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई औसा तालुक्यातील एका खेड्यात राहत. बारा भावनांचे एक मराठी पद त्यांना येत होते. दशलक्षण पर्वात त्या लातूरला आल्या की रात्री मंदिरात ते म्हणत. प्रत्येक भावनेला एक कडवे. ध्रुवपद साधे, अंतरा मात्र चमत्कारिक रीतीने वर चढून हळूहळू पायऱ्या उतरत येणारा. त्यांच्याशिवाय तो कोणालाच नीट जमत नसे, म्हणून सर्वजणी ध्रुवपद धरीत आणि अंतरा त्यांच्यावर सोडीत. १९९३ साली मात्र प्रकृतीमुळे त्या आल्या नाहीत. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, गणपतींचे विसर्जन झाले, आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्या भागातील घरे म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपेतल्या हजारो माणसांबरोबर त्याही गेल्या. त्या दुःखात पदाची आठवण कोणाला येणार? पुढच्या वर्षीच्या दशलक्षणात ध्रुवपद सुरू झाले, आणि पहिल्या अंतऱ्याशी येऊन साऱ्या बायका थांबल्या. तेव्हा आणखी काय गेले, ते कळले.

पदाचे शब्द सासूबाईंच्या वहीत बाराही कडव्यांसह आहेत. चाल नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी चातुर्मासातील एका संध्याकाळी मी बुलबुलतरंगाच्या खुंट्या पिळून सा-प जुळवत होते. सासूबाई जवळच जपमाळ घेऊन बसल्या होत्या. जुळलेल्या तारा मी सहज छेडत राहिले आणि त्या खालच्या आवाजात गुणगुणू लागल्या. ते बारा भावनांचे ध्रुवपद होते. मी कळांवर ते शोधले, त्यांनी दोनदा दुरुस्त केले, आणि सरगमात लिहून घेतले. मग मी अंतऱ्याच्या पहिल्या शब्दांची आठवण दिली. त्यांनी प्रयत्न केला. वरच्या षड्जापर्यंत गेल्या आणि तेथून पुढची वाट त्यांना सापडेना. "तिथून ती कशी उतरायची ते मी बघतच राहायची गं," एवढेच त्या म्हणाल्या. सासूबाई आता नाहीत. माझ्या वहीत ध्रुवपदाच्या खाली अंतऱ्याची पहिली ओळ अर्धी आहे आणि पुढची जागा कोरी आहे.

हे लिहिताना कोणावर दोष ठेवण्याचा हेतू नाही. आजच्या तरुण भजन मंडळांत की-बोर्ड असतो, चित्रपटातील ताज्या चालींवर पदे रचली जातात, आणि वडीलधारी मंडळी त्यावर नाराज होतात. माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या कवींनी आपल्या काळातील लोकप्रिय गीतांच्या चाली घेतल्या, आजचे कवी आपल्या काळातील घेतात; रीत तीच आहे. चित्रपटाची चाल कोठेही गेली तरी हरवणार नाही. ती जतन करणारे पुष्कळ आहेत. आपल्या आजींच्या गळ्यातील पाळणा, बारा भावना, आरत्या आणि लग्नात नवरीला न्हाऊ घालतानाची गाणी यांचे जतन करणारे मात्र आपल्याशिवाय कोणी नाही. तरुणांनी नवे घ्यावेच. त्याच की-बोर्डवर घरातील एक जुनी चालही बसवावी, एवढीच विनंती आहे.

यासाठी संगीत शिकलेले असण्याची गरज नाही. पंडित भातखंडे यांनी आपल्यासाठी सोपी स्वरलिपी करून ठेवली आहे. सा रे ग म लिहिता आले, कोमल सुराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ काढता आली, खालच्या सप्तकाच्या सुराखाली आणि वरच्या सप्तकाच्या सुरावर टिंब देता आले, की घरगुती पदाची चाल कागदावर बसते. भातखंडेही देसाईंप्रमाणे वकिली केलेले गृहस्थ. पुरावा लिहून ठेवावा, हे वकिलांना कळले. आपण तर व्यापारी आहोत. दहा रुपयांची उधारीसुद्धा आपल्या वहीत नाव, तारीख आणि रकमेसह असते. मग चार पिढ्यांची ठेव तोंडी व्यवहारावर का सोडावी? फोनवर आवाज भरून ठेवणे सोपे आहे आणि ते जरूर करावे. परंतु फोन बदलतो, भरलेले पुसले जाते. म्हणून कागदावरही उतरवावे. त्यासोबत कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी ऐकले, तेही लिहावे. एकाच पदाच्या दोन गावांच्या दोन चाली असतील, तर दोन्ही लिहाव्यात. एकीला खरी आणि दुसरीला चुकीची ठरवू नये. अनेकान्त आपण प्रवचनात ऐकतो, तो चालींनाही लागू आहे.

आणि हे शक्यतो गाणाऱ्या व्यक्तीसमोर बसून, एखादे वाद्य छेडत करावे. नुसते "आजी, चाल सांगा" म्हटले तर त्यांना काही सुचत नाही. सा-प वाजू लागला की गळा आपली वाट शोधतो, हा माझा अनुभव आहे. पेटी, बुलबुलतरंग, फोनमधला तंबोरा, जे घरात असेल ते चालेल.

येत्या दशलक्षण पर्वाच्या दहा रात्री आहेत. प्रत्येक रात्री घरातील सर्वांत वडील बाईंकडून एक चाल उतरवून घेतली, तरी एका घरात दहा चाली होतील. औसा, निलंगा, उमरगा या भागांतील ज्या वाचकांच्या घरी बारा भावनांचे मराठी पद म्हटले जाते, आणि ज्यांचा अंतरा वरच्या षड्जापर्यंत चढून पायरीपायरीने खाली येतो, त्यांनी तो सरगमात उतरवून या अंकाच्या संपादकांकडे अवश्य पाठवावा. माझ्या वहीतील जागा अजून कोरी आहे.